पाटी मराठीत, मेमो इंग्रजीत

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

दुकानांवरच्या मराठी पाट्यांविषयी आपल्या वृत्तपत्रात पत्रे येतात, ती मी आवडीने वाचतो. २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यात दुरुस्ती होऊन, कामगार कितीही असले तरी पाटी मराठीत हवी आणि मराठी अक्षरे इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असे ठरले. व्यापाऱ्यांनी ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने त्यांना पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. झाले ते योग्यच झाले. परंतु पाटी गिऱ्हाइकासाठी असते. तिच्याखालून रोज आत जाऊन आठ-दहा तास राबणाऱ्या माणसाच्या हाती जो कागद पडतो, तो कोणत्या भाषेत असतो आणि त्या भाषेमुळे कोणाचे हात बळकट होतात, याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे. कात्री लावण्याचा अधिकार आपला आहेच.

मी नाशिकच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यातून टाइम ऑफिसचा कारकून म्हणून निवृत्त झालो. हजेरी, रजा, ओव्हरटाइम, गेटपास आणि मेमो यांत माझी उमेदीची वर्षे गेली. आता संध्याकाळी ओळखीपाळखीचे कामगार घरी येतात, त्यांना अर्ज आणि खुलासे लिहून देतो. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी असाच एक चाळिशीतला ऑपरेटर दोन पानी कागद घेऊन आला. तो कागद इतक्या वेळा उघडून पुन्हा मिटला गेला होता की घडीवर विरायला आला होता. ‘काका, ही नुसती पोहोचच आहे ना?’ एवढेच त्याला विचारायचे होते. कागद इंग्रजीत होता. पहिल्या पानावर रात्रपाळीत मशीन जाणूनबुजून बंद ठेवल्याचा आणि सुपरवायझरचा आदेश डावलल्याचा आरोप होता. दुसऱ्या पानाच्या तळाशी एक वाक्य त्याच्याच तोंडी घातलेले होते: वरील मजकूर मी वाचला, मला तो समजला, माझी चूक मला मान्य आहे आणि पुन्हा असे घडल्यास कंपनी देईल ती शिक्षा मला मान्य राहील. त्या वाक्याखाली त्याची सही होती, मराठीत, शाळेत गिरवल्यासारखी, वरची रेघ आधी सरळ ओढून मग तिला अक्षरे टांगलेली. मशीन का थांबवले, असे मी विचारले तेव्हा त्याने सांगितले की मशीनच्या गार्डचा, म्हणजे संरक्षक आवरणाचा, सेन्सर चालत नव्हता, मेंटेनन्सवाल्यांना तोंडी कळवले होते, आणि मागच्याच वर्षी त्याच मशीनवर एका पोराचे बोट गेले होते. हे सगळे त्याच्याकडे होते. फक्त त्या दोन पानांत कुठेही नव्हते.

‘साहेब म्हणाले, सही कर रे, नुसती पोहोच आहे,’ असे तो म्हणाला तेव्हा मी काही बोललो नाही, कारण हेच वाक्य मी स्वतः टाइम ऑफिसच्या खिडकीतून कितीतरी वेळा म्हटले आहे. ते खोटे आहे असे तेव्हा वाटत नसे. रांग मोठी असे, शिफ्टचा भोंगा व्हायचा असे, आणि प्रत्येकाला इंग्रजी कागदाचा अर्थ समजावून सांगत बसलो असतो तर माझीच हजेरी निघाली असती. खिडकीच्या आतल्या माणसाला तो कागद वाचता येतो आणि बाहेरच्याला येत नाही, एवढ्या एका फरकावर त्या खिडकीचे सारे वजन उभे असते, हे मला खिडकी सोडल्यावर उमगले.

कायद्याने या गोष्टीचा विचार केलाच नव्हता, असे नाही. १९४६ च्या औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायद्याच्या ९ व्या कलमाने सांगितले होते की, मंजूर झालेले स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातल्या नोकरीच्या अटींचे आणि शिस्तीचे लेखी नियम, इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, ज्या दारातून बहुसंख्य कामगार आत येतात त्या दाराजवळ आणि प्रत्येक खात्यात, खास फलकावर लावावेत. १९४८ च्या कारखाने कायद्याने सूचनांबाबत आणि १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने कायद्याच्या गोषवाऱ्याबाबत असेच म्हटले होते. आमच्याकडे हे सारे गेटजवळच्या काचेच्या पेटीत होते. पेटीला कुलूप होते आणि किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती. पावसाळ्यात काचेला आतून बुरशी धरे आणि स्थायी आदेशांची मधली पाने कोणाला दिसत नसत, कारण पेटीत पहिलेच पान दर्शनी लावता येई. तरीही कायद्याचे पालन झाले होते, निरीक्षक येऊन पाहूनही गेले होते. शिवाय ही सगळी कलमे भिंतीवरच्या कागदाविषयी बोलत होती. कामगाराच्या हातात ठेवल्या जाणाऱ्या कागदाविषयी, ज्यावर त्याची भाकरी अवलंबून असते त्या मेमोविषयी आणि आरोपपत्राविषयी, ती काही सांगत नव्हती. तिथे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आहे, आरोपीला आरोप समजलाच पाहिजे असे न्यायालये सांगतात. परंतु न्यायालयापर्यंत जायला आधी नोकरी जावी लागते.

आता तर भिंतीवरच्या कागदाचीही खात्री राहिलेली नाही. जुन्या कामगार कायद्यांच्या जागी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांपैकी औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेशांचे प्रकरण तीनशे किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरते राहिले आहे. जुना कायदा मुळात शंभर कामगारांच्या कारखान्यांना होता आणि महाराष्ट्राने तो पन्नासवर आणला होता. आमच्या वसाहतीतली बहुतेक शेडे पन्नास ते तीनशे यांच्या मधली आहेत, त्यांचे काय, हा एक प्रश्न. दुसरा भाषेचा. बहुसंख्य कामगारांना समजणारी भाषा हे शब्द जुन्या कायद्याच्या कलमातच लिहिलेले होते; नव्या संहितेत, सरकार नियमांनी ठरवील त्या भाषेत, एवढेच आहे. जे कलमात होते ते नियमात गेले, म्हणजे संसदेकडून कार्यालयाकडे आले. यावर सभागृहात कोणी हरकत घेतल्याचे माझ्या वाचनात आले नाही.

येथे मराठीच्या अभिमान्यांना, ज्यांत मीही आहे, न आवडणारी एक गोष्ट सांगणे भाग आहे. जुना कायदा राज्याच्या भाषेविषयी बोलत नव्हता, कामगाराला समजणाऱ्या भाषेविषयी बोलत होता, आणि तेच बरोबर होते. आमच्या वसाहतीतल्या फाउंड्रीत आणि पॅकिंगमध्ये आज निम्म्याहून अधिक पोरे बिहार, उत्तर प्रदेश आणि ओडिशातून आलेली दिसतात. त्यांना मराठी मेमो देणे म्हणजे माझ्या ऑपरेटरला इंग्रजी मेमो देण्यासारखेच आहे. उलट त्यांच्याबाबतीत अन्याय अधिक सोपा होतो, कारण त्यांच्या वतीने बोलायला गल्लीतला कोणी काका नसतो. सुरतेला किंवा दुबईला कामाला गेलेल्या आपल्या माणसासमोर न समजणाऱ्या भाषेतला कागद ठेवला जातो, तेव्हा आपल्याला जे वाटते तेच त्यांच्या घरी वाटत असणार.

शिवाय कागद मराठीत आला म्हणजे सगळे ठीक झाले, असेही समजू नये. मराठी मेमो कसा असतो ते पाहा. ‘आपण दिनांक अमुक रोजी कामात हयगय केल्याचे निदर्शनास आले आहे. सदर बाब गंभीर स्वरूपाची असून याबाबतचा लेखी खुलासा चोवीस तासांत सादर करावा, अन्यथा आपणांस काहीही म्हणावयाचे नाही असे गृहीत धरून आपणांविरुद्ध पुढील योग्य ती कारवाई करण्यात येईल.’ हे वाक्य मी स्वतः शेकडो वेळा टंकले आहे, इतके की आता झोपेतही म्हणू शकेन. निदर्शनास आले, पण कोणाच्या? कारवाई करण्यात येईल, ती कोण करणार? हयगय करणारा मात्र नावानिशी, टोकन क्रमांकानिशी हजर आहे. ज्याच्यावर आरोप आहे तो वाक्यात दिसतो आणि जो आरोप करतो तो वाक्यातून नाहीसा होतो. व्याकरणात याला काय म्हणतात ते शाळेतल्या बाई सांगतील, कारखान्यात याला साहेबांचे पत्र म्हणतात. त्याहून धारदार आहे ते ‘गृहीत धरून’. चोवीस तासांत ज्याला कोणी लिहून देणारा भेटला नाही, त्याच्या गप्प राहण्याचे भाषांतर कार्यालय स्वतःच करून टाकते, आणि ते भाषांतर नेहमी कबुलीजबाबाच्या जवळ जाणारे असते.

आता याच्या उलट दिशेने, म्हणजे खालून वर जाणारा कागद पाहा. कारखाने कायद्याने दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली, ती हक्काची. ती घेण्यासाठी कामगार काय लिहितो? ‘वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, माझ्या घरी कार्य असल्याने मला तीन दिवसांची रजा मंजूर करून उपकृत करावे, ही नम्र विनंती. आपला आज्ञाधारक.’ स्वतःचे तीन दिवस मागताना एका वाक्यात दोनदा विनंती, एकदा उपकार आणि शेवटी आज्ञाधारकपणा. हा नमुना आम्हाला शाळेतच शिकवला गेला आणि मीही माझ्या मुलाला तोच शिकवला. एकदा एका तरुण फिटरने ‘माझ्या शिल्लक रजेतून सोमवार ते बुधवार रजा घेत आहे, कळावे’ एवढेच लिहून दिले. त्यात एकही अपशब्द नव्हता, तरी अर्ज परत आला, शेरा होता: ‘भाषा उद्धट’. तो शेरा मीच त्याला वाचून दाखवला आणि मीच त्याला उपकृतवाला अर्ज लिहून दिला. त्याला रजा मिळाली, पण त्या दिवसापासून तो माझ्याशी फारसा बोलला नाही.

शासकीय मराठीने या कामी मदत करायची सोडून आणखी एक कुंपण घातले आहे. ज्याला सगळा कारखाना ग्रॅच्युइटी म्हणतो त्याला कागदावर ‘उपदान’ म्हणतात आणि परवान्याला ‘अनुज्ञप्ती’. निवृत्त होणाऱ्या माणसाच्या फॉर्मवर उपदान हा शब्द दिसला की तो घाबरून विचारतो, ‘हे कशाचे पैसे कापले?’ हजर, रजा, दाखला, तक्रार, मोबदला हे सगळे शब्द एके काळी फारसी-अरबीतून, म्हणजे त्या वेळच्या सत्तेच्या भाषेतूनच आले; पण शेकडो वर्षे तोंडात घोळून ते आपले झाले. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि शिफ्ट त्याच वाटेने चालले आहेत. त्यांना कागदावरून हाकलून देण्याने मराठी किती वाढली हे मला माहीत नाही, कामगार मात्र कागदापासून आणखी एक पाऊल दूर गेला.

कामाला आणि माणसाला नाव कोणते द्यायचे हे ठरवणारा पगारही ठरवतो, याची तर किती उदाहरणे द्यावीत! गिरणीत माणसाला वर्षानुवर्षे ‘बदली’, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी तात्पुरता घेतलेला, म्हणत. ही चलाखी इतकी सर्रास होती की १९७१ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने, कायमपणाचे हक्क नाकारण्याच्या हेतूने लोकांना वर्षानुवर्षे बदली, नैमित्तिक किंवा तात्पुरते म्हणून ठेवणे, ही अनुचित कामगार प्रथाच ठरवली. आज बदली हा शब्द फारसा ऐकू येत नाही. त्याच्या जागी ट्रेनी, असोसिएट आणि घरोघर डबे पोचवणारा पार्टनर आला आहे. पार्टनरला नफ्यात वाटा नसतो आणि पेट्रोल मात्र त्याचे स्वतःचे असते. आमच्याकडे एका पोराला ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह असे पत्र मिळाले तेव्हा त्याने खात्यात पेढे वाटले होते. काम तेच राहिले, टॉर्क रेंच तेच, घामही तोच. पुढे ओव्हरटाइमचा दुप्पट दर मागायला गेला तेव्हा त्याला सांगण्यात आले की तू आता कामगार नाहीस. न्यायालये हुद्दा न पाहता प्रत्यक्ष काम पाहतात हे खरे, पण ते त्याला सांगणार कोण? पेढा मीही खाल्ला होता.

यात सरकार मालकांच्या मागे नाही, किंबहुना पुढेच आहे. एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून चालू आहे आणि तिच्या अंगणवाडी सेविकांना तेव्हापासून वेतन मिळत नाही, ‘मानधन’ मिळते. मान आणि धन असे दोन्ही शब्द एकत्र येऊन दोन्हींचा इतका अभाव दाखवणारा दुसरा शब्द आपल्या भाषेत नसेल. आशा ताई तर नावानेच स्वयंसेविका. ज्या स्वतःहून सेवा करतात त्यांना पगार कसला, हे त्या नावातच गुंडाळलेले आहे. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला गुजरातमधल्या प्रकरणात सांगावे लागले की अंगणवाडी सेविका आणि मदतनीस यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो आणि तुम्ही मानधन म्हणत असलात तरी त्या कायद्यापुरते ते वेतनच आहे. सत्तेचाळीस वर्षे एका शब्दाने तो हक्क अडवून धरला होता. आपल्याकडे २००० साली नव्या शिक्षकांना पहिली तीन वर्षे ‘शिक्षण सेवक’ म्हणायचे ठरले आणि प्राथमिक शाळेतल्या सेवकाला महिना तीन हजार रुपये मानधन दिले गेले. २०२३ मध्ये ते सोळा हजार झाले, सेवक हा शब्द तसाच आहे. याच राज्यात २०२४ मध्ये ग्रामसेवकांच्या नावातला सेवक जाऊन ते ग्रामपंचायत अधिकारी झाले. त्यांचे अभिनंदन. सेवक कोणाच्या नावातून निघतो आणि कोणाच्या नावाला चिकटतो, हे संघटनेच्या ताकदीवर ठरते असे दिसते.

तू आणि तुम्ही यांचा हिशेबही सांगायला हवा, पण तो वाचकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. सव्वीस वर्षांचा इंजिनिअर बावन्न वर्षांच्या ऑपरेटरला ‘मामा, तू जरा हे बघ’ म्हणतो आणि मामा ‘हो साहेब, तुम्ही व्हा पुढे’ म्हणतो. इस्पितळांत झाडणाऱ्या-पुसणाऱ्या सगळ्या बायका मावशी असतात. नात्याचा शब्द आहे म्हणून तो गोड वाटतो, आणि पुष्कळांच्या तोंडी तो गोड असतोही. पण त्या मावशीचे नाव काय, असे वॉर्डात विचारले तर अर्ध्या लोकांना सांगता येत नाही.

शेवटची तक्रार, संपादक महाशय, वृत्तपत्रांविरुद्ध आहे. संप झाला की मथळा येतो, ‘प्रवासी वेठीस’, ‘रुग्ण वेठीस’. वेठ म्हणजे बिनमोबदल्याचे सक्तीचे काम. पाटील, देशमुख, सरकार यांनी गरिबाकडून जबरदस्तीने करवून घेतलेले. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद केली, तिच्यातलीच ही वेठ. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी वेठ दिली, त्यांनी दोन दिवस काम थांबवले तर त्यांनीच इतरांना वेठीस धरले असे आपण छापतो, आणि दोनशे माणसे एका सकाळी गेटबाहेर काढली जातात तेव्हा मात्र ‘कामगारांना नारळ’ असे गमतीने लिहितो. त्यांना नारळ कोणी दिला, त्या मालकाचे नाव मथळ्यात क्वचित असते. मेमोत कर्ता जसा नाहीसा होतो तसाच इथेही होतो. हे मुद्दाम केले जाते असे माझे म्हणणे नाही; घाईत तोंडात बसलेला शब्द येतो, माझ्या खिडकीतल्या ‘नुसती पोहोच आहे’सारखा.

राज्य सरकारने संहितेचे नियम करताना एवढे करावे: कामगाराच्या सहीसाठी ठेवलेला प्रत्येक कागद त्याने स्वतः निवडलेल्या भाषेत असावा, त्याची प्रत त्याच वेळी त्याच्या हातात द्यावी, पोहोच आणि कबुली एका सहीत बांधू नये, आणि आदेश देणाऱ्याचे नाव व हुद्दा वाचता येईल असा लिहिलेला असावा. याला खर्च कागदाच्या एका पानाचा आहे. खरा विरोध त्या पानाच्या खर्चाला होणार नाही, हे मी टाइम ऑफिसमध्ये बसून पाहिले आहे.

त्या ऑपरेटरचा खुलासा मी मराठीत लिहिला. मला इंग्रजी वाचता येत नाही. अमुक साहेबांनी पोहोच आहे असे सांगितले म्हणून मी सही केली. सेन्सर बंद होता म्हणून मी मशीन थांबवले. मेंटेनन्सच्या अमुक माणसाला मी रात्री अकरा वाजता सांगितले. चार वाक्ये, प्रत्येकात कोणी काय केले ते नावानिशी. विनंती आणि उपकृत हे दोन्ही शब्द त्याने मागाहून स्वतःच्या हाताने शेवटी घातले, ‘काका, एवढे असू द्या’ म्हणाला, आणि मी असू दिले. दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसने तो कागद घेतला आणि प्रतीवर शिक्का मारून दिला. शिक्का इंग्रजीत होता. त्यावर तारीख होती, आणि तारखेखाली सही होती, ती कोणाची ते वाचता आले नाही.

आपला,
एक निवृत्त कारकून, नाशिक